हझ्झान व्हायचंय ना, मग तसं सांग

शालोम बेटा,

तुझं पत्र लांबलचक होतं, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. शहराचं नाव मी मुद्दाम काढून टाकलंय. हा मुलगा एकोणतीस वर्षांचा, आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातला, काही वर्षं यरुशलाईमला (जेरुसलेमला) येशिवामध्ये, धर्माभ्यासाच्या शाळेत, शिकून घरी परत आलाय. त्यांच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) हझ्झान, म्हणजे तेफिला (प्रार्थना) चालवणारे, म्हणून एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले, नोकरीतून रिटायर झालेले, बापाच्या मागे उभं राहून ऐकत ऐकत तेफिला शिकलेले. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचताना काका चुकतात. एका शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, यानं मागून मोठ्यानं त्यांना तीनदा टोकलं, तिसऱ्यांदा काका थांबले आणि पुढचं दुसऱ्यानं वाचलं. नंतर एका मावशींच्या नवसाच्या मलिद्याला, म्हणजे पोह्यांच्या ताटाच्या विधीला, जाऊन हा सगळ्यांसमोर म्हणाला की हे तोरामध्ये कुठेच नाही. मग कमिटीनं याला बोलावून दोन कामं दिली, रविवारी मुलांचा क्लास घ्यायचा आणि मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागतात ती, दहा माणसं फोन करून जमवायची. याला तो अपमान वाटला. वडील म्हणतात गप्प बस. आणि हा मला विचारतोय, "मावशी, इथे रब्बाय (धर्मगुरू) तर कोणीच नाही, मग मी ऑथॉरिटी मानायची तरी कोणाची? इतकं शिकून मी फोन करत बसू का? आणि सगळी मंडळीच पवित्र आहे ना, मग तेबावर (प्रार्थना चालवायच्या मंचावर) कायम एकच माणूस का?"

आता तुझ्याशी बोलते. तुझं ते शेवटचं वाक्य वाचून मी बामिदबारचा, म्हणजे तोराच्या चौथ्या पुस्तकाचा, सोळावा अध्याय काढला. तू तो माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचला असशील, तरी परत वाच, कारण हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं कोरहाच्या, म्हणजे मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या लेवी वंशातल्या माणसाच्या, तोंडी आहे. मंडळीतले सगळे पवित्र आहेत, देव त्यांच्यामध्ये आहे, मग तुम्ही स्वतःला का उंच करता, असं तो मोशे आणि अहरोनला विचारतो. आणि गंमत म्हणजे वाक्य खोटं नाही. सीनायला देवानं सगळ्यांनाच पवित्र राष्ट्र म्हटलं होतं, कोरह तेच सांगतोय. मग बिनसलं कुठे? मोशे उलट उत्तर देतो त्यात कळतं. तो पवित्रतेवर वाद घालतच नाही, तो म्हणतो, लेवीच्या मुलांनो, देवानं तुम्हाला मंडळीतून वेगळं काढून जवळ घेतलं हे तुम्हाला थोडं वाटतं का, आता याजकपणही हवंय का? म्हणजे कोरहाच्या मनात होतं अहरोनचं पद आणि तोंडावर होतं लोकांचं भलं. आणि हा कोरह कोणी बाहेरचा नव्हता हे विसरू नकोस, तो कहाथच्या घराण्यातला, ज्यांच्या खांद्यावर कोश, मेज, दीपवृक्ष असायचे. बाकीच्या लेवींना सामान न्यायला बैलगाड्या मिळाल्या होत्या, कहाथवाल्यांना मिळाल्या नाहीत कारण त्यांचं ओझं खांद्यावरच न्यायचं होतं. सगळ्यात पवित्र वस्तू ज्याच्या अंगाला लागून जायच्या त्यालाही आपलं काम हलकं वाटलं.

मी तुला कोरह म्हणत नाहीये, रागावू नकोस. अडीचशे माणसं गोळा करून तू कोणाच्या तंबूवर गेला नाहीस, तू पत्र लिहिलंस, विचारलंस, यात फार फरक आहे. पण तुझ्या पत्रात एक वाक्य मी शोधत होते आणि ते मला कुठेच सापडलं नाही. "मला हझ्झान व्हायचंय." चार पानांत काकांचे उच्चार आहेत, कमिटीचा अडाणीपणा आहे, मलिदा आहे, हलाखा (धर्माचे नियम) आहे, आणि तुला काय हवंय ते मात्र नाही.

आता त्याच पुस्तकात पुढे ये, सत्ताविसावा अध्याय. स्लोफहादच्या पाच मुली, माहला, नोआ, होग्ला, मिल्का, तिर्सा. त्याही उभ्या राहिल्याच ना, मोशेसमोर, याजक एलाझारसमोर, सरदारांसमोर, सगळ्या मंडळीसमोर, दर्शनमंडपाच्या दारात. आणि त्या काय म्हणतात बघ, आमचा बाप रानात वारला, तो कोरहाच्या टोळीत नव्हता, त्याला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वाटा द्या. सरळ मागणं, कशाच्याही आड लपवलेलं नाही, स्वतःसाठी मागतोय हेही लपवलेलं नाही. आणि मोशेला उत्तर येत नाही! आपला मोशे रब्बेनू, त्याला येत नाही, तो ते प्रकरण देवापुढे नेतो, आणि देव म्हणतो मुलींचं म्हणणं बरोबर आहे. तिथे कायदाच नव्यानं सांगितला गेला. त्याच्याही आधी नवव्या अध्यायात ती माणसं आहेत ज्यांना मृताचा विटाळ असल्यामुळे पेसाह (वल्हांडण सण) करता आला नाही, ती म्हणाली आम्ही का मागे राहावं, आणि त्यांच्यासाठी एका महिन्यानं दुसरा पेसाह ठरला. तेव्हा तोरा हवं ते मागणाऱ्याला मारते असं कोणी सांगत असेल तर ते मला पटत नाही. हवं असणं पाप नाही. तुला तेबावर उभं राहायचंय हे तर मला फार चांगलं वाटतं, आपल्याकडे आता किती तरुण मुलं असं म्हणतात? फक्त ते काकांच्या चुकांच्या मागे लपवू नकोस.

आता ऑथॉरिटी कोणाची. इथे तू तीन गोष्टी एकात मिसळल्यास म्हणून गोंधळ झालाय. हझ्झान तेफिला चालवतो, मंडळीच्या वतीनं उभा राहतो, तो रब्बाय असावा अशी अटच नाही. सिनेगॉगचा कारभार, कोण कधी वाचेल, कोणाला अलिया द्यायची, म्हणजे तोरासाठी वर बोलवायचं, हे मुकादम, गबाई (कारभारी), कमिटीचं काम. आणि हलाखाचा प्रश्न, हे चालतं की नाही चालत, तो रब्बायचा, आणि आज फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, तुझे स्वतःचे गुरू यरुशलाईमला बसलेत, त्यांना विचारायला तुला कोणी अडवलंय? पण तू काय केलंस, काकांना रब्बायच्या मापानं मोजलंस, आणि मलिद्याच्या घरात स्वतः रब्बाय झालास. पाच-सहा वर्षं शिकलास याचा मला अभिमान आहे रे, पण सेमिखा, रब्बाय म्हणून मिळणारी मान्यता, तुझ्याकडेही नाही, तूच लिहिलंयस.

"इथे रब्बाय नाही" हे वाक्य आपल्या लोकांना काही नवीन नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ना रब्बाय होता, ना सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी), ना कोहेन (याजक घराण्यातला माणूस). नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आलेली ती माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आठव्या दिवशी सुंता, खवले नि पर असलेलाच मासा, आणि प्रत्येक बऱ्यावाईट प्रसंगाला शेमा, म्हणजे 'ऐक इस्राएला' ही प्रार्थना, कारण तेवढंच पाठ होतं. बाहेरून आलेल्या ज्यू दाविद राहाबींची गोष्ट तुला घरी सांगितली असेलच, आपण खरंच ज्यू आहोत का ते बघायला त्यांनी बायकांना मिश्र मासळी रांधायला दिली आणि त्यांनी बिनखवल्याची बाजूला काढली. मग त्यांनी तीन जणांना निवडून शिकवलं, झिराडकर, शापूरकर, राजपूरकर अशी घराणी सांगतात, तेच आपले काजी. गावोगाव फिरून लग्नं लावायची, सुंता करायच्या, भांडणं मिटवायची. ते काही ताल्मूदचे (धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथाचे) पंडित नव्हते, होतं त्यातलं त्यांना जास्त येत होतं आणि लोकांनी त्यांना मानलं. समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, शाअर हारहामीम, ते फौजेतले माणूस, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले, रब्बाय नव्हेत. पुढे कोचीनहून शिक्षक आले, हझ्झान आले, मराठीत तेफिला नि हागादा (पेसाहच्या पोथ्या) छापल्या गेल्या. तुझ्या येशिवाला तू पोचलास तो या लोकांच्या खांद्यावरून.

दवारीमच्या, म्हणजे तोराच्या पाचव्या पुस्तकाच्या, सतराव्या अध्यायात आहे ना, प्रकरण अवघड झालं तर त्या काळात जो न्यायाधीश असेल त्याच्याकडे जा. ताल्मूदच्या रोश हाशाना मसेख्तामध्ये (भागात) ज्ञानी लोक विचारतात, त्या काळात म्हणजे काय, आपल्या काळात नसलेल्याकडे कोणी जाणार आहे का? म्हणून ते म्हणतात, यिफ्ताह त्याच्या पिढीत शमुवेलसारखाच. शमुवेल केवढा मोठा, यिफ्ताह किती साधा, तरी त्याच्या पिढीला तोच होता. तुझ्या शहराला या पिढीत काका मिळालेत.

आणि तिथेच ती गोष्ट आहे, जी मला तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. यावनेच्या न्यायसभेत रब्बान गमलिएल प्रमुख होते, त्यांनी साक्षीदारांवर विश्वास ठेवून नव्या चंद्राचा दिवस ठरवला. रब्बी दोसा म्हणाले साक्षीदार खोटे आहेत, रब्बी यहोशुआलाही तसंच दिसलं. म्हणजे दोघांच्या हिशेबाप्रमाणे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, वेगवेगळ्या दिवशी. गमलिएलनं निरोप पाठवला, तुझ्या हिशेबानं ज्या दिवशी योम किप्पूर येतो त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे ये. विचार कर, योम किप्पूर म्हणजे आपली दारफाळणी, त्या सणाला, ज्या दिवशी आपल्या घरातली म्हातारी माणसं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाहीत, त्या दिवशी खिशात पैसे घालून चालत जायचं! यहोशुआ कळवळला. रब्बी अकिवानं समजावलं, आणि रब्बी दोसा म्हणाले, की आज या बेथ दीनचा (न्यायसभेचा) निर्णय उकरला तर मोशेपासूनची सगळीच न्यायसभा उकरावी लागेल. तो गेला. गमलिएल उठून उभे राहिले, त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, ये माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या, ज्ञानात गुरू आणि माझा शब्द मानलास म्हणून शिष्य.

यहोशुआनं आपला हिशेब चुकीचा होता असं कबूल केलं का? कुठेच नाही. तो जास्त शिकलेला आहे हे गमलिएलनाच मान्य आहे. सण मात्र एकाच दिवशी झाला. तुला हेच जमवायचंय, डोक्यात तुझा अभ्यास ठेवायचा, तो गुंडाळायचा नाही, आणि मंडळी मात्र फोडायची नाही. तुझे वडील गप्प बस म्हणतात त्यात आणि यात फरक आहे, गप्प बसणं यहोशुआलाही कोणी शिकवलं नव्हतं.

पण थांब, गोष्ट तिथे संपवणारे लोक मला आवडत नाहीत, विशेषतः कमिटीतले, आणि हे त्यांनीही वाचावं. ताल्मूदच्या बेराखोत या भागात पुढचं आहे. हेच गमलिएल नंतर एका वेगळ्या वादात यहोशुआला सगळ्यांसमोर उभं करून ठेवतात, स्वतः बसून शिकवत राहतात, आणि लोकांना ते सहन होत नाही, ते ओरडतात, किती छळणार याला, आणि गमलिएलना पदावरून काढून टाकतात. त्यांच्या जागी तरुण एलाझार बेन अझार्या. मग गमलिएल यहोशुआच्या घरी जातात, भिंती काळ्या झालेल्या, गरिबी, आणि माफी मागतात. पदावरच्या माणसाला मान आहे, पण माणसाला खाली बघायला लावायचा हक्क त्याला नाही. होरायोत नावाचं अख्खं मसेख्त बेथ दीनच चुकलं तर काय, यावर आहे, तोराच्या तिसऱ्या पुस्तकात, वायिक्रामध्ये, अभिषिक्त याजकाच्या पापासाठी वेगळं अर्पण आहे. आणि ज्याला शिकून कळतं की निर्णय चुकलाय आणि तरी मुद्दाम तसंच करतो, तो मी तर सांगितलेलं केलं म्हणून सुटत नाही, हेही होरायोतच्या पहिल्या मिश्नामध्ये (परिच्छेदात) आहे. त्यामुळे उद्या काकांनी किंवा कमिटीनं तुला तोरानं मना केलेलं काही करायला सांगितलं तर नाही म्हण. मुलांचा क्लास घे हे त्यातलं नाही.

आपल्या लोकांनी हे दोन्ही करून दाखवलंय, तुझ्या आजोबांच्या काळात. १९६२ च्या सुमाराला इस्राएलच्या चीफ रब्बीनेटनं (धर्मगुरूंच्या मुख्य संस्थेनं) सांगितलं की बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न बाहेरच्या ज्यूशी लावायचं तर रजिस्ट्रारनं आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. शंका काय तर मधल्या शतकांत यांचे घटस्फोट, लग्नं हलाखाप्रमाणे झाली की नाही. ज्यांनी शेमा सोडून बाकी सगळं विसरूनही शाब्बाथ सोडला नाही त्यांच्या नातवंडांना हे ऐकायला लागलं. आपली माणसं यरुशलाईममध्ये धरण्याला बसली, बायकामुलं घेऊन. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं (इस्राएलच्या संसदेनं) ठराव केला की बेने इस्राएल सगळ्या दृष्टीनं ज्यू आहेत, आणि रब्बीनेटला नियमातून आपलं नाव काढावं लागलं. या सगळ्या काळात कोणी असं म्हटलं नाही की मग आम्हाला रब्बायच नकोत, आमचा वेगळा धर्म. रब्बायांसमोर उभं राहून सांगितलं की तुम्ही आम्हाला नीट बघितलं नाहीत, परत बघा. मला विचारशील तर मानणं म्हणजे काय हे मी त्या धरण्यावरून शिकले, पुस्तकातून कमी.

आता काकांच्या चुका. तोरा वाचणाऱ्याच्या बाजूला दुसरं माणूस उभं करतात ते त्यासाठीच ना, अर्थ बदलणारी चूक झाली तर हळू आवाजात सांगायचं, वाचणारा परत म्हणतो, पुढे चालतो. ती सोय आहे, ती मागच्या बाकावरून ओरडायची नसते. आणि जिथे अर्थ बदलत नाही, नुसता आपला कोकणी स्वर लागतो, आयिन आणि आलेफ ही हिब्रू अक्षरं सारखीच येतात, तिथे सोड. शीर हाशिरीम रब्बा या जुन्या भाष्यात रब्बी आहांचं म्हणणं आहे की अडाणी माणूस "प्रेम कर" च्या जागी चुकून "वैर कर" असं वाचतो आणि देव म्हणतो, त्याचं ते चुकणंही मला प्रिय आहे. चारचौघांत कोणाचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे रक्त सांडल्यासारखं, हे तर तुला मसेख्त आणि पानासकट माहीत असेल. त्या शाब्बाथबद्दल काकांकडे जा. कमिटीच्या आधी जा, आणि एकटा जा.

मलिद्याचं थोडक्यात. पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, वर फळं, आणि त्या ताटावर आपण म्हणतो त्या बेराखोत (आशीर्वाद) आपल्या ज्ञानी लोकांनी घालून दिलेल्याच आहेत, एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं आहे, नवस फेडला त्याचे आभार आहेत. यात तुला काय खटकलं ते तुझ्या गुरूंना नीट लिहून विचार, सगळं सांगून, अर्धवट नको, नाहीतर ते पोह्यांना भलतंच काही समजायचे. उत्तर येईपर्यंत त्या मावशींकडे जाऊन ताट खा. ज्यांच्या नवसाला तू गालबोट लावलंस त्यांना तुझ्या अभ्यासाशी भांडण नव्हतं.

आणि ती दोन कामं. कोरहाबद्दल बहुतेक लोक जमीन फाटून तिनं बंडखोरांना गिळलं इथेच थांबतात, पण सव्विसाव्या अध्यायात एक छोटंसं वाक्य आहे, कोरहाची मुलं मेली नाहीत. तीच मुलं, तेच घराणं, पुढे मंदिराचे द्वारपाल होतात, दिव्रे हायामीम या इतिहासाच्या पुस्तकात नावं आहेत. आणि तेहिलीममध्ये (स्तोत्रसंहितेत) अकराएक स्तोत्रं त्यांच्या नावावर आहेत. चौऱ्याऐंशीवं काढ, त्यात ते म्हणतात की दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा माझ्या देवाच्या घराच्या उंबऱ्याशी उभं राहणं मला बरं. ज्यांच्या बापाला कोश खांद्यावर असून कमी वाटलं, त्यांच्या मुलांना दार पुरलं, आणि आपण आज बापाचं नाही, त्यांचं म्हणतो.

मिन्यानचे फोन म्हणजे तेच दार आहे रे. आपल्याकडे किती सिनेगॉग आज इमारत उभी, दिवा लावलेला, सेफेर तोरा आत, आणि दहावा माणूस नाही म्हणून कद्दीश (मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना) म्हणता येत नाही, हे तुला माहीत आहे. ज्याची आई वारलीय आणि जो नऊ जणांकडे बघत उभा आहे त्याला जाऊन विचार फोन करणारा माणूस छोटा असतो का. आणि मुलांचा क्लास कमिटीनं तुला शिक्षा म्हणून दिला असेलही, मी ते नाकारत नाही, पण त्यांच्या लक्षात आलं नाही की त्यांनी पुढचे तीसचाळीस वर्षांचे हझ्झान तुझ्या हातात दिलेत. ते नीट घे. तिथे तू कोणाला न दुखवता अचूक उच्चार शिकवू शकतोस, पहिल्या दिवसापासून.

मग आता करायचं काय, तर मी तुझ्या जागी असते तर काकांकडून दर गुरुवारी संध्याकाळी त्या आठवड्याचा पाराशा, तोराचा ठरलेला भाग, सोबत वाचायची परवानगी मागितली असती. त्यांना चष्म्याचा त्रास आहे असं तूच लिहिलंयस, त्यांना मदत होईल, आणि तुला त्यांच्याकडून एक गोष्ट मिळेल जी येशिवामध्ये कोणाकडेच नाही, आपल्या चाली. नव्याच्या सणाच्या (रोश हाशाना, म्हणजे नववर्षाच्या), दारफाळणीच्या, लग्नाच्या, आपल्या कोकणच्या माणसांच्या. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत, काकांच्या गळ्यात आहेत, आणि काका सत्तरीच्या पुढे आहेत. फोनवर रेकॉर्ड कर, शाब्बाथ सोडून कधीही. त्यांना विचारून कर.

आणि कमिटीला अर्ज दे. एक पान, मराठीत, कारण मुकादमांना इंग्रजी पत्र आलं की वकिलाची नोटीस वाटते. त्यात लिही, मला हझ्झान व्हायचंय, काका आहेत तोपर्यंत मी त्यांच्या बाजूला उभा राहून वाचायला आणि सांभाळायला तयार आहे, मिन्हाची (दुपारची) तेफिला महिन्यातून एकदा मला द्या, क्लास आणि फोन मी घेतलेत. काकांच्या चुकांबद्दल एक ओळ नको. अर्ज देण्याआधी तो काकांना वाचून दाखव, त्यांची सही मिळाली तर घे, नाही मिळाली तरी अर्ज दे. ते नाही म्हणाले तर कारण लेखी माग, आणि मला परत लिही, मग मी मुकादमांना काय विचारायचं ते सांगते. नव्याचा सण जवळ आलाय, त्याच्या आत काकांकडे जाऊन ये.

तुझी मावशी